कुरडया, कुलूप आणि माझे पांढरे बूट

सिंदी (रेल्वे)
नागपंचमीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप आईंना,

तुमची मोठी सून छाया हिचा पदर डोक्यावर घेऊन आणि तोंड पुण्याकडे करून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? तिकडचं पाणी मानवलं का? डोळ्याचं ऑपरेशन पोळ्यानंतर करायचं ठरलं, असं धीरजभाऊजींकडून कळलं. तोवर तुम्हाला अक्षर दिसत नाही, म्हणून हे पत्र तुमची धाकटी सून दिपाली वाचून दाखवील. तुम्ही माझा फोन उचलता, माझं 'हॅलो' ऐकता आणि कट करता. त्यामुळे कागद-पेन घ्यावं लागलं. (दिपाली, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. ते तुझ्यासाठी आहे. डोळ्यांनी वाच आणि तोंड सरळ ठेव.)

इकडे सर्व कुशल आहे. तुमचे चिरंजीव वेळेवर जेवतात, कापसाच्या अडतीवर जातात, परत येतात. तुळशीला पाणी मिळतं. माझं बांगड्यांचं दुकान नीट चाललं आहे. तुमच्यावाचून या घरात कोणाचं काहीही अडलेलं नाही. (खोटं आहे. तुझे थोरले दीर रोज ताटावर बसून 'आईच्या हातचं वरण' असं म्हणतात आणि पुढे काही बोलत नाहीत. मला वाटतं ते मुद्दामच अर्धं सोडतात.)

इथवर शुद्ध लिहिलं, कारण पुण्याच्या हवेत पत्र उघडणार आहे. आता हात अवघडला. यापुढं आपल्या बोलीत लिहिते.

तं आई, तुम्ही तिकडं सगळ्याले सांगून राह्यल्या म्हने, का छायानं अन्नावर चपला ठेवल्या. चपला नव्हत्या. बूट होते. अन् ते बूट गच्चीवर काऊन गेले, हे तुम्ही ऐकूनच घेतलं नाई. ब्याग भरली अन् गाडीत बसल्या. आता मोतीबिंदूमुळं तुमाले जागचं हलता येत नाई, तं बसून ऐका.

तुमाले आठवते, आपली मयुरी शाळेत होती तवा तिच्यासाठी ते पांढरे बूट आनले होते. उंच घोट्याचे, टाचेचे, खाली चार-चार चाकं. बर्फावर त्या परदेशी पोरी गिरक्या घेतात ना, तसंच हे, फक्त आपल्याकडं बर्फ सरबतात असते म्हनून चाकावर. पोरीनं वर्ध्याच्या क्लासले थोडे दिस जाऊन सोडून देल्लं. बूट पडून राह्यले. आता चांगला माल पडून राह्यला तं आपल्या घरात कोनाले झोप येते? पोरीचा पाय माह्याच मापाचा. वाया कायले जाऊ द्यायचे, म्हनून मी घातले. कापसाचा हंगाम सरला का जिनिंगचा सिमिटाचा ओटा रिकामा पडते, चिकना, ताटासारखा. तिथं सकाळी जाऊ लागली. पयले भिंत धरून, मंग भिंत सोडून. मोबाईलवर पाहून पाहून एका पायावर गिरकी शिकली. अन् आई, खरं सांगू, ती गिरकी लागली का मले काईच आठवत नाई. ना बांगड्यांचे माप, ना गॅसचा नंबर, ना माहं वय. मी तिथं भल्ली सुखी राह्यते. याले तुम्ही थेरं म्हना, पन मी सोडनार नाई, हे आताच लिहून देते.

इतकी वर्षं ते बूट पायाले असे बसले होते का माह्या अंगठ्याची गाठसुद्धा त्यायले तोंडपाठ झाली होती. मंग उन्हाळ्यात डाव्या बुटाचं चामडं घोट्यापाशी फाटलं. पाय लटलट करे. नागपूरले गेली. दुकानदार म्हनते, "बच्ची का साइज बताइए." म्हनलं, बच्ची मीच. त्यानं मले वरून खालून पाह्यलं अन् सांगतलं का कंपनीनं तो बूट बनवनंच बंद केलं, अब सब लाइनवाला चलता है. एका रांगेत चाकं असलेला काळा-पिवळा बूट पुढं ठेवला. तो घालून कोनी गिरकी घेऊन दाखवा, मी त्याची आरती करीन. दुसऱ्या दुकानात गेली, तिथंबी बंद. मोबाईलवर शोधलं तं उरलेला जोड सापडला, पन बाहुलीच्या मापाचा. काय लोक आहेत बाप्पा! चांगली वस्तू दिसली का बंद! पोळ्या लाटायची बेलनं बंद करत नाईत, बूट बंद करतात. मी त्या कंपनीले मयुरीकडून इंग्रजीत पत्र धाडलं, का तुमची हिंमत कशी झाली. त्यायनं उत्तरात आभार मानले.

शेवटी दुसऱ्या कंपनीचा जोड मागवला. आला तो असा कडक का पाटा बरा. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, बूट ओव्हनमध्ये गरम करा अन् गरम असताना पायात घालून बसा, म्हनजे पायाचा आकार घेईल. आपल्या घरी ओव्हन कुठला? पन मे महिना होता, अन् मे महिन्यात आपली गच्ची हाच ओव्हन. त्या चिठ्ठीवाल्याले एक दिवस सिंदीले आनून बसवला असता तं त्याचाच आकार बदलला असता. गच्चीवर गेली तं सारी जागा तुमच्या कुरडयांनी भरलेली. प्लास्टिकचा एक कोपरा रिकामा होता, तिथं बूट ठेवले. नवे कोरे, आई. त्या बुटांनी जमीन पाह्यलीच नव्हती. तुमच्या कुरडयांपेक्षा ते स्वच्छ होते, कारन कुरडयांवर सकाळी चिमण्या बसून गेल्या होत्या. (इथं आई बोलायले लागतील. पाच मिनिटं थांब, मंग पुढं वाच.)

आता उन्हानं बुटाच्या तळाचा गोंद पातळ झाला, तो वाहिला, अन् मी बूट उचलला तवा त्याले कुरडई चिकटून वर आली, यात माहा काय दोष? तुम्ही नेमक्या तवाच जिन्यात. तुम्ही म्हनल्या, चामडं ते चामडं. मी म्हनलं, भजनातल्या ढोलकीलेबी चामडंच आहे, तिच्यापुढं तुम्ही हात जोडून बसता. ते मी बोलाले नाई पाहिजे होतं असं तुमचे चिरंजीव म्हनतात. मी म्हनते, बरोबर बोलली. तुम्ही साऱ्या कुरडया शेजारच्या गाईले घातल्या, माहे जुने बूट तुमच्या लोखंडी कपाटात टाकले, कुलूप लावलं, किल्ली कमरेले खोचली, अन् "पाहू आता कशी फिरते" म्हनून पुण्याले गेल्या.

फिरते, आई! नव्या बुटावर मजेत फिरते. लोन्यासारखे आहेत. (दिपाली, टाचेले फोड आले आहेत, घोट्याची सालं निघाली, दुकानात मी काउंटरखाली पाय पान्यात घालून बसते. आईले सांगजो नको.)

नवे बूट बिनचाकाचे आले, पन जुन्याची चाकं मी काढून ठेवली होती, म्हनून ती बसवायले नत्थूजी सुताराकडं गेली. तान्ह्या पोळ्याचे लाकडाचे नंदी आपल्या गावात त्याच्यासारखे कोनी करत नाई, तं चाकं त्याच्याइतकी कोनाले समजनार? आता या चाकांच्या वर रबराच्या गोळ्या राह्यतात. पाय कलला का चाक कलते, अन् मानूस वळते. नत्थूजीनं ते हलवून पाह्यलं अन् कपाळाले हात लावला. "छायाबाई, हे तं ढिल्लं आहे. नंदीचं चाक असं हाललं तं नंदी पडते." अन् मले न विचारता त्यानं रबर काढून फेकलं, सागवानी पाचरी ठोकल्या, वरून तेल देल्लं. सरळ जायले असे बूट जगात नसतील. जिनिंगच्या ओट्यावर मी निघाली अन् वळायच्या जागी वळलीच नाई. ओट्याचा उतार, फाटक, रस्ता, सारं सरळ. समोर महादेवरावांची चहाची टपरी. मी जाऊन बाकड्यावर बसली, दोन मानसांच्या मधात, जशी त्यासाठीच आली होती. महादेवरावांनी कट चहा पुढं केला. मीबी पेली. उठून पळाली असती तं थांबायले ब्रेक नव्हता. नत्थूजीले मी दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून रबर शोधायले लावलं.

पन गावात बोभाटा झाला. अन् आता महत्त्वाचं सांगते. आपल्या मोहल्ल्याचा मोठा नंदी तान्ह्या पोळ्याले निघते, त्याच्यापुढं चाकांवर जाऊन चौकात गिरकी घेईन, असं मी पोरांले कबूल केलं आहे. पोरं रोज दुकानात येऊन विचारतात. ते ऐकून आनंदाबाई देवळात साऱ्या बायांसमोर म्हनली, "सुलोचनाची सून चौकात पडनार, अन् सुलोचना तोंड लपवायले पुन्याले गेली." ही तीच आनंदाबाई, जिच्या मसाल्यात तुम्ही आयुष्यभर खडे काढले. मले जे म्हनायचं ते म्हनो, पन तुमाले? मी तिथंच सांगतलं, का माही सासू तोंड लपवत नाई, तिचं तोंड दुरूनबी ऐकू येते. चौकात या अन् पाहा. आता मागं हटनं नाई. पायातून रक्त निघालं तरी नाई.

तं असं आहे. मले जुने बूट नको, किल्ली नको, माफीबी मांगत नाई. प्रकृतीले जपा, थंड पानी पेऊ नका.

तुमची हट्टी, पन तुमच्याच घरची,
छाया

ता. क. (दिपाली, या नव्या बुटांनी गिरकी होत नाई. पाय आत आखडते, अर्ध्यात पडते. चौकात खरंच पडीन अन् आनंदाबाई वर्षभर जेवनार नाई, इतकं तिचं पोट भरन. आई दुपारी डुलकी घेतात तवा कमरेची किल्ली हळूच काढ अन् कोनी नागपूरले येत असन त्याच्या हाती दे. डाव्या कुशीवर झोपल्या असल्या तं किल्ली वर राह्यते. कैलास मोची जुन्या बुटाचा फाटका घोटा सांधून देतो म्हनते.)

ता. क. दुसरा. पत्र तुमच्या चिरंजीवांच्या खिशात अडतीवर फिरून तसंच परत आलं. तितक्यात मले धीर निघाला नाई, किल्ल्या बनवनाऱ्याले बोलावून तुमचं कपाट उघडलं. रागवा. वरच्या खनात, तुमच्या चांगल्या लुगड्यांच्या घड्यांवर, माहे बूट ठेवले होते. चामडं ते चामडं म्हननाऱ्या बाईनं लुगड्यांवर! त्यायले खोबरेल लावलेलं. आत आपल्या अडतीवरचा कापूस ठासून भरलेला, आकार जाऊ नये म्हनून. अन् डाव्या बुटाचा फाटका घोटा सुतळीनं शिवलेला. कापसाचं पोतं शिवायच्या दाभनाचे टाके आहेत ते, आडवे-तिडवे, एक टाका तं पार दुसरीकडंच गेलेला. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, आई? अन् कवा? रागानं ब्याग भरत होत्या त्याच्या आधी का मधात? मी कपाटापुढं खाली बसली अन् रडली. तुमचे चिरंजीव घाबरून पानी घेऊन आले.

चाकं परत त्यायले लावली अन् घालून पाह्यले. घोटा पक्का धरते. काल ओट्यावर गिरक्या पूर्न झाल्या, लागोपाठ. कैलास मोची म्हनते, वरून पांढरा रंग देतो, सुतळी दिसनार नाई. म्हनलं हात लावू नको. दिसू दे साऱ्या गावाले. तुम्ही डोळ्याचं पोळ्यानंतर करा, पन पोळ्याले येजा. चौकात खुर्ची मांडून ठेवते, आनंदाबाईच्या खुर्चीले लागून. मी पडली तं मले मोठ्यानं शिव्या द्या. नाई पडली तं नुसतं तिच्याकडं पाहा.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवत होती तं धीरजभाऊजींचा फोन. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन कवाच झालं म्हने, अन् मले सांगायचं नाई असं तुम्हीच बजावलं होतं. आता पेपर स्वतः वाचता, जाहिरातीसकट. म्हनजे हे पत्र दिपालीच्या हाती जानारच नव्हतं, अन् कंसातलं सारं तुम्ही वाचलं. वरन, फोड, डावी कूस, सारं. वाचलं तं वाचलं. मी एक अक्षर खोडत नाई, पत्र पुन्हा लिहीत नाई. किल्ली पाठवू नका. कपाट उघडं पडलं आहे, लुगडी उघडी आहेत, अन् ते बंद करायची किल्ली तुमच्या कमरेले आहे. घेऊन या.