छापून आलेला कडकडाट

गुरुवार, संध्याकाळ

सुनेच्या आग्रहाखातर खराडीला तिच्या कंपनीत आठल्येचं भाषण ऐकायला गेलो. जायला नको होतं. पंधरा वर्षं एका मंत्र्याचा प्रसिद्धी सचिव होता हा. आता सल्लागार म्हणून कंपन्यांना पारदर्शकता शिकवतो. आठल्ये आणि पारदर्शकता.

आणि दाखला कसला द्यावा? येरवड्याच्या सभेचा. साहेबांच्या सभेचं वृत्त तो सभेआधीच लिहून आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचवायचा, टाळ्यांच्या कडकडाटासकट. त्या दिवशी सभा रद्द झाली. हे त्याने कळवलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. कडकडाटासकट. आज मात्र म्हणतो, "एक वार्ताहर सभेला न जाताच बातमी देऊन मोकळा झाला." तो मजकूर कुणी लिहिला होता, ते सोयीने गाळलं. लोक पोट धरून हसले. सूनही हसली.

तो वार्ताहर मी. तिच्याच शेजारी बसलेला.

भाषण संपल्यावर टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. का वाजवल्या?

बाहेर आठल्ये जवळ येऊन हळूच म्हणाला, "अहो, तुमचं नाव नाही घेतलं हं मी." उपकारच केले. लबाड मेला. पण सभेला न जाता नारायण पेठेत चहा पीत बसलो होतो, ते काही त्याने सांगितलं म्हणून नव्हे.

परतताना गाडीत सून म्हणाली, "बाबा, खरंच असे वार्ताहर असायचे?"

"असायचा एखादा," म्हणालो.