बशीखालचा आलेख

बाबा,

सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. कुकर लावला, वाळलेले कपडे आत आणले, आणि पुन्हा तुमची ती निळी फाईल उघडून बसले आहे. काल आमच्या प्रयोगशाळेत पिंजरे साफ करणाऱ्या बाईंनी विचारलं, "मॅडम, अम्मा को शुगर है. जामुन का अर्क चालू करके कोलेस्ट्रॉल की गोली बंद कर दूँ?" मी इतक्या जोरात "नहीं" म्हणाले की बिचाऱ्या दचकल्याच. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

शिवाजी नगरच्या क्वार्टरमधली ती रविवारची सकाळ. माझं संशोधन नुकतंच मार्गी लागलेलं. मधुमेही उंदरांना जांभळाचा अर्क दिला की रक्तातली चरबी उतरते, हे मी टेबलावर आलेख पसरून तुम्हाला सांगते आहे. तुमचा स्वतःचा मधुमेह जुना, कोलेस्ट्रॉलची गोळीही रोजची, त्यामुळे तुम्ही पोहे खायचे थांबून ऐकता आहात. पहिला खांब काहीच न दिलेल्या उंदरांचा, चांगला उंच. दुसरा अर्कवाल्यांचा, चरबी उतरलेली म्हणून बुटका. तिसरा कोलेस्ट्रॉलची नेहमीची गोळी दिलेल्यांचा, तो पोह्यांच्या बशीखाली गेलेला. "वा बेटा! घरातच दवा आहे आणि आपण दुकानं पालथी घालून राहिलो," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी चार इमली वस्तीकडे फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना तुम्ही हे सांगूनही आलात.

मंत्रालयातून निवृत्त झालात, पण मंत्रालय काही तुमच्यातून गेलं नाही. गॅस सिलेंडर बदलायचा तरी फाईलवर टिप्पणी लिहायची आणि सहीसाठी 'वरिष्ठां'कडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवायची. मी हसत, न वाचता सही ठोकायची. त्या हिवाळ्यात तुमचं हृदय थांबलं, आणि तेराव्यानंतर मी ही फाईल पहिल्यांदा वाचली. तुमच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं, "पुत्री के प्रयोग से लाभ सिद्ध. गोली बंद. अर्क चालू. अवलोकनार्थ प्रस्तुत." खाली माझी झोकदार सही.

तुमचा रागही येतो बाबा. डॉक्टरांना एक फोन करायला काय झालं होतं? उंदरांवरून कुणी स्वतःची गोळी बंद करतं का? गोळी चालू असती तर तुम्ही राहिला असता का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. ठामपणे सांगता येत नाही, म्हणाले. तेच तर मला स्वस्थ बसू देत नाही.

न वाचता सही केली, हे मी सगळ्यांना सांगते. लोक लगेच माफ करतात. हा कागद आता याच फाईलला लावून ठेवते, पुढे कुणाकडे पाठवायचा नाही. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. तिसरा खांब सगळ्यांत बुटका होता. आणि पोह्यांची बशी मीच त्याच्यावर सरकवली होती.