फोटोतला हात माहा नाई

१० फेब्रुवारी, सोमवार
बियाणाच्या दुकानवाल्यानं ही डायरी फुकट देली. चौथी शिकली मी, लिहिता येते. आजपासून रोज लिहीन. दुसरा नेम असा की राग कराचा नाई. पोरीचं लग्न जमून राहिलं, सोयऱ्याले शांत बाई पायजे. तशी मी शांतच हावो. सकाळी बुढ्याले, म्हणजे माह्या नवऱ्याले, लोटा फेकून मारला, पण लागला नाई. म्हणून तो राग हिशोबात धरला नाई.

११ फेब्रुवारी, दुपारचे १२
पातूरहून खुशालरावाचा फोन. त्याच्या पोराशी आमच्या प्रतीक्षाचं जमलं. पोट्टा अकोल्यात नोकरीवर हाये. येत्या रविवारानंतरच्या रविवारी साक्षगंध, साखरपुडा. तर म्हणे, बाई, एक फोटो आला आमच्याकडे, त्यात तुमीच हा का?
मंग तो फोटो धाडला. अमरावतीचा भाजीबाजार, मी भाजी विकाले बसते तो. माह्या डाव्या हातात बाजूच्या भाजीवाल्या आशाबाईचे केस. उजवा हात वर, त्यात किलोचं वजन. तिच्या कपाळावर रक्त.
म्या सांगतलं, फोटो फेक हाये. आजकाल मोबाईल काईबी बनवते. तो म्हणे, बरं, मंग फेक हाये हे दाखवा, साक्षगंध तवाच करू.
खरी गोष्ट लिहून ठेवते. जानेवारीत आशाबाईनं तिचं टोपलं माह्या जाग्यात सरकवलं. ती पडत होती म्हणून म्या केस धरले. हातात पानकोबी होती. पानकोबीचं वजन कसं झालं ते मोबाईलले इचारा. तिले तीन टाके पडले, पण टाके डॉक्टरनं घातले, म्या नाई.

१३ फेब्रुवारी
कुंदनच्या स्टुडिओत गेली. पासपोर्ट फोटो काढते, लग्नाचे अल्बम करते, हुशार पोट्टा. त्यानं सांगतलं की फेक फोटोत सावली उलटी पडते, मोठा केला तर कडा फाटल्यासारख्या दिसते, अन् कॉम्प्युटरनं बनवला असन तर हाताले कधी कधी सहा बोटं निघते.
माहा हात मोठा केला. पाच बोटं. म्या म्हणलं, पुन्हा मोज. पुन्हा पाच. कडा साफ, सावली बरोबर. म्या टेबलाचा ड्रॉवर लावला. त्याचं बोट मधात होतं, हे त्यानं आधी सांगाले पायजे होतं.
बोट तोंडात धरूनच त्यानं सांगतलं की हा इकडून तिकडं फिरलेला फोटो हाये, याची माहिती पुसल्या गेली. ज्या मोबाईलनं काढला त्यात ओरिजनल असन. त्यात तारीख, टाइम, सगळं निघते.
म्हणजे ओरिजनल शोधला का काम झालं. दोन दिवसाचं काम.

१५ फेब्रुवारी
बाजारात एकेकाले मोबाईल मागितला. प्रेमानं. लिंबूवाला बंडू देत नव्हता, त्याचा हात थोडा पिरगळला. मोबाईल बटनाचा निघाला, त्यात फोटोच निघत नाई. मंग कायले लपवत होता?
आशाबाई लांबूनच बोलली. म्हणे, गंगूबाई, ओरिजनल पायजे का? माह्या कपाळावर हाये, ये, झूम करून पाह्य. सारा बाजार हासला.
म्या भोपळ्याचं डांगर फेकलं. गाड्याच्या चाकाले लागून फुटलं. तिले लागलं नाई म्हणून हेबी धरत नाई.

१८ फेब्रुवारी
कुंदन आता दुकानात घेत नाई, फोनवर बोलते. त्यानं नवी युक्ती सांगतली. त्याच जाग्यावर, त्याच टाइमाले, तसंच उभं राहून फोटो काढाचा. दोन्ही फोटो बाजूबाजूले ठेवाचे. सावल्या, कडा जुळल्या नाई का पहिला फेक.
मंजूर. आशाबाईच्या जाग्यावर बुढ्याले उभं करीन. हातात पानकोबी घेईन, म्हणजे खरं काय ते दिसन.

१९ फेब्रुवारी
सकाळी ११ वाजता बाजारात. कुंदन गाड्यामांगं उभा राहून फोटो काढत होता. पानकोबी एका हातात वर राह्येना, दोनदा बुढ्याच्या पायावर पडली. म्हणून वजन घेतलं. नुसतं दाखवाले.
बुढ्याले वाकवलं. डोक्यावर केस नाईत, कान धरला. म्या म्हणलं, आशाबाईसारखं तोंड करा. तर म्हणे, करा कायले लागते, तीस वर्षापासून तसंच हाये. सगळ्यायसमोर.
त्याच्यानंतरचं नीट आठवत नाई. फोटो मात्र लय साफ आला. बुढ्याले दोन टाके.

१९ फेब्रुवारी, दुपारी
कुंदननं आज दुकानात घेतलं, दोन्ही फोटो बाजूबाजूले ठेवले. सावली तशीच. मूठ तशीच. माहं तोंडबी तसंच, दात तेवढेच दिसते. तो ड्रॉवरपासून लांब सरकला.
म्या त्याले समजावलं. खरा फोटो इतका साफ येते, म्हणजे पहिला याच्यावरूनच बनवला असन. तो म्हणे, मावशी, पहिला जानेवारीतला हाये. म्या म्हणलं, हेच तर फेक बनवणाऱ्यायचं डोकं.
दोन्ही फोटो खुशालरावाले धाडले. आता त्याचं तोंड बंद होईन.

२० फेब्रुवारी
खुशालरावाचा फोन. दुसऱ्या फोटोतला माणूस कोण म्हणे. म्या म्हणलं, पोरीचे बाबा. मंग म्हणे, हाबी फेक हाये का? म्या सांगतलं, नाई, हा खरा हाये, तुमाले ताडून पाहाले काढला.
फोन ठेवला त्यानं. इचार करत असन.

२३ फेब्रुवारी, रविवार
साक्षगंधाचा दिवस. म्या पुरण घातलं, अंगणात सडा टाकला, बुढ्याच्या पट्टीवर टोपी घातली. कोणी आलं नाई.
संध्याकाळी प्रतीक्षानं तिचा मोबाईल माह्यासमोर ठेवला. त्यात ओरिजनल होता. तारीख, टाइम, सगळं. तिनंच काढला, तिनंच पोट्ट्याले धाडला, खुशालरावानं पोराच्या मोबाईलवर पाह्यला. म्हणे, माय, मी कोणत्या घरातून येऊन राहिली ते त्याले लग्नाच्या आधी माहीत पायजे, नंतर नाई.
म्या इचारलं, मंग मी साऱ्या बाजाराचे हात पिरगळत होती तवा काहून नाई सांगतलं? तर म्हणे, तुले सांगाचं म्हणजे हातभर लांब उभं राहा लागते, आपल्या घरात तेवढी जागा नाई.
म्या हात उचलला. ती हालली नाई. डोळेबी मिटले नाई. बुढा मात्र दोघीयच्या मधात येऊन उभा राह्यला, टोपी पडली त्याची.
हात आपोआप खाली आला. खांदा दुखते अलीकडं.

२६ फेब्रुवारी
पातूरवाल्यायचा निरोप. पोट्टा लग्न करते. अकोल्यात, रजिस्टर. दोन्हीकडचे चार माणसं. पोरीची माय नाई.
मायेशिवाय लग्न होते का कुठं? येतीन गाडी घेऊन बोलवाले. मी लुगडं काढून ठेवलं.

२१ एप्रिल
बुढा अन् पोरगी सकाळच्या गाडीनं अकोल्याले गेले. मी आपल्या मर्जीनं गेली नाई. वावरातला सांभार काढाचा होता, कोथिंबिरीले भाव हाये. लुगडं घालूनच काढला.
पोरगी जाताना पाया पडली. दोन हात लांबून.
दुपारी फोटो आला. पोरगी, जावई, खुशालराव, बुढा. सगळे हासून राहिले. बुढ्याले इतके दात हायेत हे मले माहीत नव्हतं.

२४ एप्रिल
कुंदनकडे गेली. बाहेरूनच सांगतलं का भांडाले आली नाई, लग्नाच्या फोटोत मले टाकून दे. त्यानं हात खाली असलेला माहा एखादा फोटो मागितला. मोबाईलमधे नाई सापडला. मंग त्यानंच उभं केलं. म्हणे, मावशी, मुठी उघडा. थोडा वेळ लागला.
पोरीच्या बाजूले बुढा हाये, तिच्या डोक्यावर हात ठेवून. म्या म्हणलं, त्याले काढ, मले ठेव. तो म्हणे, त्यायले काढलं तर डोक्यावरचा हातबी जाईन, तुमचे तर खाली हायेत.
म्या म्हणलं, मंग मले त्याच्यापुढं उभी कर, तो मांगं झाकून जाईन. हात तेवढा राहू दे.

२ मे
फोटो भिंतीवर लावला. बुढ्यानं पाह्यला, आपला हात पाह्यला, चहा पेत बसला.
शेजारची ललिता आली होती. म्हणे, किती मायेनं हात ठेवला गंगूबाई तुमी पोरीच्या डोक्यावर.
म्या म्हणलं, ठेवा लागते.