पिवळ्या रेषेच्या अलीकडचं गोल्फ

११ जानेवारी २०१५, रविवार

गोल्फ! मी! अजून विश्वास बसत नाहीये.

नव्या साहेबांनी आज आम्हा सगळ्या सुपरवायझरांना खारघरच्या गोल्फच्या मैदानावर नेलं. टीम बिल्डिंग म्हणे. जासईच्या यार्डात जन्मभर कंटेनरच्या मागे धावणारी आम्ही माणसं — टोप्या घालून गवतावर उभी! माझे पहिले तीन-चार फटके हवेतच गेले. चेंडू जागच्या जागी आणि मी गरगर फिरलेला. सगळे खो खो हसले. मला असा राग आला, की पुढचा फटका डोळे मिटून हाणला. टक्! हाताला काही लागलंसुद्धा नाही. चेंडू वर, वर, थेट डोंगराच्या दिशेने... दिसेनासा झाला! साहेब म्हणाले, "प्रभाकर, यू आर अ नॅचरल!"

म्हणजे उपजत खेळाडू! सेहेचाळीस वर्षांत मला कुणी असं काही म्हटलेलं नाही. बायकोने तर नाहीच.

१२ जानेवारी

तिथे पुन्हा जाऊन खेळायचं तर काय पडतं, ते फोन करून विचारलं. फोन ठेवला. पाणी प्यायलो.

१४ जानेवारी

इंटरनेटवर काय काय सापडतं! अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये गोल्फ खेळतात. समोर जाड पडदा, त्यावर प्रोजेक्टरने मैदानाचं चित्र, पायाशी सेन्सरची पाटी. चेंडू पडद्यावर हाणायचा, तो धप्पकन खाली पडतो. पण खरा कुठे गेला असता ते कॉम्प्युटर पडद्यावर दाखवतो! सिम्युलेटर म्हणतात. तयार घ्यायचा तर घर विकावं लागेल. पण काही लोकांनी जुन्यापान्या वस्तूंतून उभा केलाय. आणि गॅरेज तर आपल्याकडेही आहे.

म्हणजे अर्धं आहे. उरलेलं अर्धं दादूचं. दादू माझा थोरला भाऊ, वरच्या मजल्यावर राहतो. बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या आणि आमचं बिनसलं. कशावरून? बाबांच्या होडीवरून! गव्हाणच्या खाडीत बाबा जिच्यातून मासेमारी करायचे ती. मी म्हणालो, इथे विचुंब्यात, खाडीपासून लांब, होडी ठेवून काय करायचं, विकू. तो म्हणाला, नाय. मग त्याने गॅरेजच्या मधोमध पिवळ्या ऑइलपेंटची रेष मारली, पलीकडे होडी ठेवली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मीही नाही. सहा वर्षं झाली. आमच्या बायका मात्र खिडकीतून दिवसभर गप्पा मारतात, आणि आम्ही दोघं जिन्यात भेटलो की भिंतीकडे बघतो. माझं काही अडत नाही त्याच्यावाचून.

१८ जानेवारी, रविवार

गाडी बाहेर काढली. बायको, आशालता, दारातून म्हणाली, "गाडी उन्हात आणि तुम्ही गॅरेजात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

सामान जमतंय. प्रोजेक्टर नवीन पनवेलच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून. कोपऱ्यात जांभळा डाग दिसतो, चालेल. पाटी यार्डातल्या एकाच्या मेव्हण्याने दुबईहून आणून तशीच टाकून दिली होती. साहेबांनी मोडीत काढलेल्या दोन काठ्या. आणि गवत मंडपवाल्याकडून, हळदीच्या कार्यक्रमात पसरतात तो हिरवा गालिचा. त्यावर ठिकठिकाणी हळद आणि एके ठिकाणी मटणाचा रस्सा!

२३ जानेवारी

माघी गणपती. थोरल्याकडे असतो म्हणजे वर, दादूकडे. भांडण असलं तरी आरतीला जावंच लागतं. दोघं शेजारी उभं राहून टाळ्या वाजवल्या, एकमेकांकडे न बघता. प्रसाद सखूवहिनींनी दिला. दादूचे गुडघे दुखत असावेत, उठताना टेबल धरलं. मला काय त्याचं.

१ फेब्रुवारी, रविवार

धक्का! मी चहा पीत बसलो होतो. काठी भिंतीला टेकवलेली, पाटीजवळ कुणीही नाही. आणि पडद्यावरचा चेंडू आपोआप सुटला!! उडाला तो सरळ झाडीत. मी कप खाली ठेवला. तर दुसरा सुटला!

आशालताला हाक मारली. तिने बघितलं आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरा खेळतोय. तुम्ही चहा प्या."

दुपारी उलगडा झाला. शटरच्या फटीतून ऊन थेट पाटीवर पडत होतं आणि सेन्सरला वाटत होतं काठी फिरली. शटर बंद केलं, भुताटकी थांबली. आता आत भट्टी झालीय.

४ फेब्रुवारी

दुसरी अडचण. काठी पुरती मागे नेली की ती पिवळ्या रेषेपलीकडे जाते, होडीच्या काठाला लागते. खट्! वरून पावलं वाजली. मी श्वास रोखून उभा. कुणी आलं नाही. आता मी काठी अर्धीच मागे नेतो, पाखडायला सूप धरल्यासारखी. चेंडू कसला उडतोय? रांगतो.

७ फेब्रुवारी

पडद्यामागे जाळं हवं, एखादा चेंडू निसटला तर भिंतीवर आपटून डोक्यात बसायचा. गोल्फचं जाळं विकत? छे! माळ्यावर बाबांचं आहे की. आम्हा लोकांनी जाळं विकत घ्यायचं म्हणजे हद्द झाली.

उतरवलं. अजून त्याला खाडीचा वास येतो. दोन टोकं वर बांधली, खाली ओळीने शिशाच्या गोळ्या होत्या त्या तशाच ठेवल्या. पाण्यात तळाशी बसतं, तसं जमिनीवर ताठ बसेल. काय डोकं चाललं माझं! पडदा जरा वर घेतला, म्हणजे खालचे चेंडू जाळ्यात अलगद जातील.

८ फेब्रुवारी, रविवार

मोठा घोटाळा झालाय.

सकाळी पहिला जोरदार फटका. चेंडू वर उठलाच नाही, जमिनीलगत सणसणत पडद्याखालून गेला आणि शिशाच्या गोळीवर बसला. ठण्ण! उलटा आला तो माझ्या कानाजवळून, आणि मागे काहीतरी फुटलं. वळून बघतो तर बाबांच्या होडीची फळी! चांगली उभी चीर!

ज्या होडीसाठी सहा वर्षं अबोला, तीच मी फोडली. आता कोर्टकचेरी, आता सगळ्या भावकीत बोभाटा. तोवर दादू दारात उभा. लुंगी, बनियन, एक हात चौकटीवर. होडीकडे बघितलं. जाळ्याकडे बघितलं. मग आत येऊन, वाकून शिशाची ती ओळ हाताने चाचपली.

"शिसा कनाला ठेवलास र? मासं धराचं हाय काय हितं?"

सहा वर्षांनी पहिलं वाक्य! हे!

मी म्हणालो, "ताठ राहायला."

"येडा!" म्हणाला. आणि हसला. इतका हसला की तिथेच खाली बसला. मीही हसायला लागलो. आशालता आणि सखूवहिनी धावत आल्या. आम्हाला तसं बघून वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत, कळलं नाही.

होडीचं मी बोलायला गेलो तर हात झटकून म्हणाला, "लाकूड हाय, फुटनारच."

हा माणूस? ज्याने त्या लाकडासाठी रेष मारली तो?

९ फेब्रुवारी

कामावरून आलो तर दादूने जाळ्याच्या सगळ्या गोळ्या काढून डबा भरून ठेवलेला. जाळं ढिलं टांगलेलं, पोट सोडून. चेंडू मारला, अलगद आत गेला आणि लोंबत राहिला.

१० फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहायलाच हवं. दादू म्हणाला, "होडी भायेर काढू. तुला हात मागं न्यावला जागा नाय."

मी नको म्हणालो. खरंच म्हणालो. पण त्याने पुढचं टोक धरलंसुद्धा. मग मी मागचं. लहानपणी बाबांबरोबर खाडीवर धरायचो तशीच, "हो... हो..." करत बाहेर आणली, कुंपणाला टेकवली. परत आलो तर गॅरेज केवढं मोठं! मध्ये ती पिवळी रेष. दादू तिच्यावरच उभा राहिला आणि म्हणाला, "मार आता."

मारला. टक्! तोच आवाज, खारघरचा!

१५ फेब्रुवारी, रविवार

दादू रोज संध्याकाळी येतो. मी कामावरून येतो तेव्हा तो स्टुलावर बसलेला असतो. काठी वल्ह्यासारखी धरतो, किती शिकवलं तरी ऐकत नाही. त्याचा प्रत्येक चेंडू पडद्यावरच्या तळ्यात जातो. गेला की खूष! "पान्यात गेला. आपल्या वलणावर गेला." मी समजावतो, गोल्फमध्ये पाण्यात जाणं वाईट. तो म्हणतो, "कोनासाठी वाईट?"

मला आता ऑफिसात बसवत नाही. साडेपाचची वाट बघतो. साहेबांनी परवा विचारलं, प्रॅक्टिस कशी चाललीय? त्यांना काय सांगू, की गोल्फचं मी विसरूनच गेलोय.

२० फेब्रुवारी

दादू आज काठी हातात घेऊन नुसता उभा राहिला. "परभा, तुला येक सांगाचं व्हता." मी म्हणालो, बोल. तो पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जाऊंदे. उद्या." आणि चेंडू तळ्यात घातला.

होडीच्या फळीचं असणार. मीच बोलायला हवं होतं. उरणला सुतार बघतो.

२१ फेब्रुवारी

सांगितलं नाही. गुडघ्याला तेल लावून घेतलं माझ्याकडून! मी! त्याच्या पायाशी बसून! आशालताने बघितलं आणि काही न बोलता चहा ठेवून गेली. या बाईने काही न बोलणं म्हणजे कमालच.

२५ फेब्रुवारी

सुतार मिळाला. होळीनंतर येतो म्हणाला. दादूला सांगितलं, फळी नवी बसवू, रंग देऊ, दोघं मिळून गव्हाणला नेऊन एकदा पाण्यात सोडू. त्याने मान हलवली. खूष होईल वाटलं होतं. त्याचे डोळे भरले. मला धसकाच बसला. आजारी तर नाही? वहिनींना विचारलं, तर "नाय हो भावोजी" म्हणून भराभर जिना चढून गेल्या.

१ मार्च, रविवार

पिवळी रेष पुसायचं ठरवलं. टर्पेंटाइन घेऊन बसलो. निघेना. दादू बघत होता, मी म्हणालो घास की जरा. तो घासायला बसला. गुडघ्यांमुळे बसवत नाही, तरी बसला. अर्धी निघाली.

इतका सुखात मी कधी होतो, आठवत नाही. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी नाही म्हणायला नको.

५ मार्च

होळी. दोघं मिळून नारळ टाकला. भावकीतले सगळे डोळे फाडून बघत होते! बघू देत.

८ मार्च, रविवार

दादूने वरचा मजला विकलाय. आणि गॅरेजचा त्याचा अर्धा भाग. व्यवहार दिवाळीतच झाला. जिना चढवत नाही, मुलाने नाशिकला लिफ्टवाला फ्लॅट घेतलाय. पाडव्यानंतर जाणार. येणाऱ्या लोकांच्या दोन गाड्या आहेत.

रोज हेच सांगायला खाली यायचा. रोज न सांगता खेळून जायचा.

आज एका दमात सांगितलं, आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी "बरं" म्हणालो. सहा वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी बोलायला लागला, आणि मी त्याला नुसतं "बरं" म्हणालो!