झाकणावरचा चिकटा

॥ श्री हनुमंत प्रसन्न ॥

पांढुर्णा,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. देवकाताई यांच्या चरणी,
स्मिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सुखदेवभाऊंनी शनिवारी आणून दिलं. शेजारचा माणूस रोज सौंसरला शाळेत नोकरीला जातो म्हणून बरं आहे. नाही तं तुमचे कान असे झाल्यापासून फोनवर मी ओरडणार, आणि तुमच्याऐवजी आमचा सगळा मोहल्ला ऐकणार.

यांची तब्येत अंगानं ठीक आहे. दोन्ही वेळ जेवतात, झोपही लागते. विसरणं मात्र वाढून राहिलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरात वस्तूंवर नावं चिकटवा, म्हणजे यांना गडबडायला होणार नाही. तसं केलं. मिठाच्या डब्ब्यावर मीठ लिहिलं, न्हाणीच्या दारावर न्हाणी. देवघरावर काही लिहिलं नाही. देवाला हे अजून ओळखतात.

त्यासाठी दुकानातून वेगळं काही आणलं नाही. संत्र्याच्या मंडीतल्या हेमराजभाऊंकडं पेट्यांवर लावायचे मोठे स्टिकर पडून होते, तेच मागून आणले. पाण्यानं निघत नाहीत, कोरे आहेत, फक्त कोपऱ्यात संत्र्याचं चित्र आहे. त्या चित्रानंच घात केला.

यांच्या हार्मोनियमच्या लाकडी डब्ब्यावर मी 'पेटी' असं लिहून चिकटवलं. आता आपल्याकडं हार्मोनियमही पेटी आणि संत्र्याचं खोकंही पेटीच. यांनी अक्षर वाचलं, चित्र पाहिलं, आणि मी भाजी घेऊन येईपर्यंत हार्मोनियम बाहेर ओट्यावर उन्हात ठेवून डब्ब्यात तणस अंथरलं. वर घरातली सगळी संत्री रचून ठेवली, मोठी एकीकडं, बारीक एकीकडं. मला म्हणाले, गाडी अजून काहून आली नाही, बाबा रागावतील. मामंजींना जाऊन किती वर्षं झाली ते मी काय सांगू. तुम्ही दोघं भावंडं लहानपणी त्यांच्या हाताखाली पेट्या भरायचे, ते यांना कालचंच वाटून राहिलं.

संत्री काढून हार्मोनियम परत आत ठेवली आणि स्टिकर मी त्याच दिवशी ओढून काढला. कागद आला, गोंद तिथंच राहिला. गरम पाण्याचं फडकं फिरवलं तर आणखी पसरला आणि धूळ बसून काळा पडला. यांची सवय तुम्हाला माहीतच आहे. आधी झाकणावर तळहात ठेवायचा, नमस्कार करायचा, मग उघडायचं. आता हात ठेवला की तो चिकटतो. लगेच हात मागं घेतात आणि म्हणतात, आत संत्र फुटलं, उघडू नको, सगळा माल सडेल. तेव्हापासून पेटी उघडलीच नाही.

ताई, हनुमान जयंतीला हे जामसांवलीच्या मारुती मंदिरात भजनाला पेटीवर बसले नाहीत असं एकही वर्ष मला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले होते की डोक्यातून गेलेलं कधी कधी हातात राहतं. तेवढ्यावरच मी उभी आहे. एकदा हात पट्ट्यांवर पडू द्या, मग मारुतीराया पाहून घेईल. हा चिकटा कशानं जाईल ते लवकर कळवा.

तुमची माया पाठीशी असावी.

तुमची भावजय,
स्मिता

•

सौंसर,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्मितास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि मग डोळे पुसले. माल लावायला तो लहानपणीच हुशार होता. मी बारीक संत्र मोठ्यात टाकलं की बाबांना सांगायचा, चहाडखोर.

पण तुझ्या अकलेला काय म्हणू? नुसतं 'पेटी' काहून लिहिलं? 'श्रीकांतची पेटी' लिहिलं असतं तर तुझी जीभ झडली असती का? बोलायचं नव्हतं, लिहायचंच तं होतं. सगळ्या घराला नावं दिली, मीठ सुटलं नाही, न्हाणी सुटली नाही, आणि ज्याच्यासाठी हा पसारा मांडला त्याचंच नाव तेवढं गाळलं.

आणि बाबांनी पेटी घेऊन दिली तेव्हा झाकणावर स्वतःच्या हातानं त्याचं नाव रंगवलं होतं, ते कुठं गेलं?

आता उपाय ऐक. खोबरेल तेल कापसानं लाव, रात्रभर राहू दे. सकाळी कणकेचा घट्ट गोळा घेऊन वरून दाबत दाबत फिरव, गोंद कणकेला धरतो. माझ्या सुनेच्या नव्या ताटांवरचा मी तसाच काढला. चाकू लावू नको. घाई तं करूच नको, तुला प्रत्येक कामाची घाई.

जयंतीला मी गुडघे दुखले तरी जामसांवलीला येतेच. त्याला पेटीवर बसलेला पाहायचा आहे.

माझा जीव तुमच्यात आहे, हे तुला ठाऊक आहे.

देवका

•

पांढुर्णा,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. देवकाताई यांस,
सा. न. वि. वि.

रागावू नका. बँकेच्या, रेशनच्या कागदावर यांचं नाव लिहिते, कारण तिथं तसा रकाना असतो. घरात मात्र लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं आई सांगायची. खरं की खोटं देव जाणे, पण आता यांचं थोडंबहुत राहिलेलं असताना मी कशाला घेऊन पाहू?

मामंजींनी रंगवलेलं नाव स्टिकरच्या खाली होतं. झाकणाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आहेत, सपाट जागा मधलीच. नाव पुसट झालं होतं, म्हणून त्यावरच चिकटवला. आता गोंद नेमका नावावर बसला आहे.

तुमचा उपाय केला. कणीक काळी झाली, वाया जाताना जिवावर आलं, पण कडेचा गोंद निघाला. 'श्री' एवढं अक्षर मोकळं झालं. यांनी ते वाचलं, हात जोडले, आणि ताई, ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणले. भजनाचीच चाल होती. त्या शनिवारी मारुतीला तेल वाहिलं, नारळ बोलून ठेवला.

पण मधला थर काही हटेना. यांनी पुन्हा हात ठेवला, चिकटला, आणि संत्र फुटलं म्हणून उठून गेले. मी रोज तेल लावते, रोज दाबते. आता गोंद तेल पिऊन मऊ होतो आणि तिथल्या तिथं फिरतो. जयंती जवळ येऊन राहिली. सागर पेंटरकडं थिनर असतं, तो म्हणतो एका पुसण्यात साफ होईल. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहते.

स्मिता

•

सौंसर,
दि. २७ फेब्रुवारी २०२५

चि. स्मिता,
आशीर्वाद.

थिनर लावू नको. बाबांनी ते नाव ऑइल पेंटनं लिहिलेलं आहे. गोंदाबरोबर नावही जाईल. हात चिकटला तर चिकटू दे. झाकणावर एखादा स्वच्छ रुमाल अंथर आणि त्यावर हात ठेवायला लाव. मी इथं तळमळून राहिली आहे, आणि सुखदेव आज आलाच नाही. त्याच्या शाळेतला माणूस म्हणाला की तो भाचीच्या लग्नाला गेला. येईल तेव्हा देते. तोवर तुला बुद्धी राहो.

देवका

•

पांढुर्णा,
दि. १२ मार्च २०२५

ती. देवकाताई यांस,
सा. न. वि. वि.

सुखदेवभाऊ लग्नाहून आले, तुमची चिठ्ठी आज मिळाली. रुमालाचं मला सुचलं नाही. एवढं साधं होतं.

सागरकडून वाटीभर थिनर मागवून मी मागच्या आठवड्यातच पुसलं. झाकण घासलेल्या ताटासारखं निघालं. फडक्यावर गोंद आला, त्याच्याबरोबर मामंजींचा काळा रंगही आला. मी फडकं पाहिलं तेव्हा समजलं.

तरी मनाला म्हटलं, चिकटा तं गेला. यांना हाताला धरून आणलं. यांनी तळहात ठेवला. चिकटला नाही. मग यांनी हात फिरवला, मधोमध, पुन्हा पुन्हा, जसं अंधारात कडी शोधतात. आणि म्हणाले, ही आपली नाही. आपल्या पेटीवर बाबांचं अक्षर आहे. तू कोणाची उचलून आणली?

मी शपथ घेतली, आतली हार्मोनियम उघडून दाखवायला गेले, तर माझा हात धरला. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय उघडायची नाही म्हणतात. यांचा प्रामाणिकपणा तुम्हाला माहीत आहे, तो तेवढा काही विसरले नाहीत. आता दिवसातून कितीदा तरी विचारतात, ज्याची आहे त्याला दिली का. मी म्हणते, देते. खोटं बोलून राहिले.

काही सुचत नाही. तुम्हीच सांगा.

स्मिता

•

सौंसर,
दि. १९ मार्च २०२५

चि. सौ. स्मितास,
आशीर्वाद.

रडत बसू नको. झालं ते झालं, मीही असते तर कंटाळून तेच केलं असतं. आता त्याच सागरला बोलाव आणि नाव पुन्हा लिहून घे. काळा रंग, अक्षरं जाड, वरची रेघ शेवटी थोडी लांब ओढलेली, आणि खाली बारीक कमळ. बाबा असंच काढायचे, मी खाली नमुना काढून दिला आहे. थोडा वाकडा आला, हात कापतो. श्रीकांतला अक्षर दिसलं की ओळखेल. त्याचंच नाव आहे, दुसऱ्याचं थोडंच?

पेंटरला नाव सांगायची लाज वाटली तं हीच चिठ्ठी दाखव, वेडे.

जयंतीला जामसांवलीच्या पायऱ्यांपाशी मी सकाळपासून बसते. त्याला घेऊन ये.

तुम्हा दोघांवर जीव लावून,
देवका

•

॥ श्री हनुमंत प्रसन्न ॥

पांढुर्णा,
दि. १३ एप्रिल २०२५

ती. देवकाताई यांच्या चरणी,
स्मिताचा सा. न. वि. वि.

काल तुम्ही पायऱ्यांपाशी संध्याकाळपर्यंत बसल्या, हे सुखदेवभाऊंच्या भावानं तिथून येऊन सांगितलं. उन्हात तुम्हाला ताटकळत ठेवलं, त्याची माफी कशी मागू? आम्ही निघणारच होतो. काय झालं ते लिहिते.

सागरनं नाव फार सुंदर लिहिलं. तुमचा नमुना पाहून रेघ तशीच ओढली, कमळही काढलं. मी रंग पुरता वाळू दिला, वास जाऊ दिला. म्हटलं जयंतीच्या सकाळीच दाखवू, आंघोळ झाल्यावर, धुतलेलं धोतर नेसल्यावर. ऑटो दारात उभा होता.

यांनी झाकणावर हात ठेवला. वाकून पाहिलं. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, श्री, कां, त. मग चेहरा उजळला, ताई. इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता. मला वाटलं, मारुती पावला.

मला म्हणाले, चला, पत्ता लागला. श्रीकांतची आहे. आता त्याला देऊन येऊ. आज जयंती, बिचारा पेटी कुठं कुठं शोधत असेल, पेटीशिवाय भजनाला कसा बसेल तो?

मी म्हटलं, चला, तिकडं जामसांवलीलाच भेटेल. तर म्हणाले, आपण गेलो आणि तो इकडं आला तर? पेटी उचलून उंबऱ्यापाशी नेली आणि तिच्याजवळ बसले. ऑटो परत पाठवला. जेवायलाही उठले नाहीत, मी ताट तिथंच दिलं.

दिवस कलला तेव्हा मला म्हणाले, त्याला आवाज दे. मी विचारलं, कोणाला? तर चिडून म्हणाले, मॅट्रिक झालेली बाई ना तू, समोर नाव लिहिलं आहे, वाचता येत नाही?

मी देवापाशी दिवा लावला. मग ओट्यावर येऊन हाक मारली. श्रीकांत, म्हणून. पहिल्यांदा हळूच मारली. हे म्हणाले, मोठ्यानं. मग मोठ्यानं मारली. सुखदेवभाऊ बाहेर येऊन पाहत राहिले आणि मान खाली घालून आत गेले. हे माझ्या शेजारी उभे होते, एक हात पेटीवर, आणि माझ्यासारखेच रस्त्याकडं पाहत होते.

कोणी आलं नाही. हे म्हणाले, उद्या पुन्हा हाक मार. लांब राहत असेल.

आज पुन्हा मारली.

दिवेलागण झाली, पत्र इथंच थांबवते. तुमची माया असू द्या, आमच्या दोघांवर.

तुमची,
स्मिता