पाहुण्याला काम सांगायचं?

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

गावचं घर विकण्याआधी तिथे पाहुणे ठेवून बघायला तू मला हा हंगाम दिलास, तो मी वाया घालवणार नाही. पण पहिल्याच खेपेला फजिती झाली रे. तीन दिवसांसाठी आलेले चौघे दुसऱ्याच दुपारी बसने गेले. काही म्हणता काही कमी पडू दिलं नव्हतं! त्यातल्या बाई गाईकडे निघाल्या तर मी खुर्ची दिली. त्यांच्या नवऱ्याने बादली उचलली, ती काकूंनी हातातून काढून घेतली. पाहुण्याला काम करू द्यायचं? आपल्या घरात कधी झालंय असं? बसवाला सांगत होता, दवाखान्यात ठेवल्यासारखं वाटलं म्हणे त्यांना. मला रडूच आलं. हॉटेल तू चालवतोस, तूच सांग.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी धाकटी

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

रडतेस काय, वेडाबाई? टीव्ही बसव, गोठा लांब हलव. फाट्यावर साधी पाटी नाही, लोक येणार कसे? मलाही घराचं वाईट वाटतं गं, पण लांबून किती निस्तरणार? गिऱ्हाईक तयार आहे. एप्रिलअखेर सही करून मोकळे होऊ.

काकूंना नमस्कार. राग मानू नकोस.
दादा

१० एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

पाटी लावली. टीव्हीचं ऐकलं नाही, खुशाल रागाव. त्या बाईंना खुर्ची नको होती, गाय हवी होती, हे मला उशिरा उमगलं. आता पाहुणा आला की काकू त्याच्या हातात झाडूच देतात. बँकेतले एक साहेब रोज गोठा झाडून वर मलाच विचारतात, नीट झाला ना? बसवाला दारात थांबतो. जागा पुरेना, म्हणून शेजारच्या दोन घरांनीही खोल्या उघडल्यात.

परवा तुझं गिऱ्हाईक घर बघायला आलं. काकूंनी पाहुणा समजून त्याला शेंगा सोलायला बसवलं! जाताना म्हणाला, विकत घेण्याचं राहू द्या, मे महिन्यात आठवडाभर खोली द्या. मी म्हटलं, मेपर्यंत घर आमचं राहतंय का, ते दादाला विचारून सांगते. तर सांग.

उत्तराची वाट बघतेय. असाच लोभ असू दे.
धाकटी

१७ एप्रिल

चि. धाकटीस अ. उ. आ.

दे त्याला खोली. घर विकायचं नाही.

वीस वर्षं मी लोकांच्या हातातल्या बॅगा काढून घेतोय. परत येतो असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. जिंकलीस तू, पोरी. सहा मेला आम्ही सगळे येतोय. आल्यावर मला कोणतं काम देणार, तेवढं काकूंना विचारून कळव.

तुझा
दादा