अक्काचा दमा

ज्योत्स्ना अक्कास धाकट्या ललितचा तिरुपूरहून नमस्कार.

अक्का, दमा कुणाला सांगणार नाही ही तुला दिलेली शपथ मी मोडली. तुझं लग्न ठरताना पाहुण्यांसमोर तुला धाप लागली, तेव्हा "धूळ लागनी तिले" असं मीच बोललो होतो. पण काल मायचा फोन आला. तुझ्या बाळंतपणाला सिझर ठरलं. दुखणं थांबवायच्या जोरदार इंजेक्शनाआधी धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी "श्वासाचा त्रास?" विचारलं, तर सासूसमोर तू "नाही" म्हणालीस. इथल्या मेडिकलवाल्याला मोडक्या हिंदीत विचारलं. तो म्हणाला, त्या औषधानं श्वास मंदावू शकतो, दमा आधी सांगायलाच पाहिजे.

मग दाजींना फोन लावून रडत रडत बठ्ठं, अगदी सगळं सांगितलं. ते हसायलाच लागले.

"अरे साल्या, तिचा दम्याचा पंप संपत आला की मीच गुपचूप नवा ठेवतो. तिला वाटतं जुनाच चालतोय! डॉक्टरीणबाईंना मी कालच सांगितलं. तू मात्र तिला बोलू नको. ती मला स्वतःहून कधी सांगते, त्याची वाट बघतोय."

म्हणून हे पत्र टाकत नाही. पण अक्का, सांगून टाक ना गं त्यांना.

तुझा शपथमोडा भाऊ,
ललित